आहेराच्या वह्यांवरून गावाचा अभ्यास होऊ शकतो का?

दारव्ह्याकडची (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. करते आहे आणि लघुप्रबंधाचा विषय पक्का करायचा आहे. मानवशास्त्राचा एक पेपर होता, तेव्हापासून मला त्याचीच ओढ लागली आहे.

आमच्या घरी आहेराच्या वह्या आहेत. आजोबांचं अक्षर चांगलं, त्यामुळे गावात कोणाकडेही लग्न असलं की आहेर लिहायला तेच बसायचे. घरच्या लग्नांच्या वह्या आहेतच, भावकीतल्या काही घरांच्याही आमच्याच पेटीत राहिल्या. सगळ्यात जुनी १९६४ ची, आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची. लाल कापडी पुठ्ठा, त्यावर हळदीची बोटं, पहिल्या पानावर 'श्री गजानन प्रसन्न' आणि खाली ओळीनं नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. 'रु. २'. 'लुगडे १'. 'पितळी गुंड १' (गुंड म्हणजे पाण्याचं भांडं). 'टोपी-दुपट्टा'. 'ज्वारी ४ पायल्या'. पुढच्या वह्यांत स्टीलचे डबे येतात, भिंतीवरची घड्याळं येतात, नंतर टेबलफॅन, आणि शेवटी शेवटी नुसत्या रकमा. बऱ्याच नावांपुढे समासात पेन्सिलीनं बारीक फुली आहे. आजी म्हणते ती फुली म्हणजे तो आहेर आपण त्यांच्या घरच्या लग्नात परत केला.

मार्गदर्शक सरांचं म्हणणं, शंभर कुटुंबांची प्रश्नावली भर, तक्ते कर, टक्केवारी काढ, मोकळी हो. मला मात्र या वह्यांवरच काम करायचं आहे. पण हे मानवशास्त्रात बसतं का? बसत असेल तर वही वाचायची कशी? आणि एक अडचण अशी की गावात काही विचारायला गेलं की लोक म्हणतात तुला काय सांगायचं, तू तर इथलीच. आजी तर म्हणाली, "काय लिवून रायली वं माय? हे तं सारंच तुले मालूम हाय." तुमच्यापैकी कोणी आपल्याच गावात असं काम केलं असेल तर सांगा.

नागपूरवाला

वह्या आधी सांभाळून ठेवा. नागपूरला भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्रीय केंद्र आहे, तिथे ग्रंथालय आहे. कॉलेजचं पत्र घेऊन जा. तसंच अजब बंगल्यातलं, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयातलं, आदिवासी दालन पाहून या. वस्तूवरून माणसांपर्यंत कसं जायचं याचा थोडा अंदाज येईल.

जुनी फिल्डवाली

बेटा, तुझा प्रश्न वाचला आणि कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. मी मेळघाटात आणि नंतर वर्धा जिल्ह्यात बरीच वर्षं फिरले, शिकवलं, आता निवृत्त आहे. घराघरांतून अशा वह्या रद्दीत जाताना पाहिल्या आहेत. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तुझ्याकडे त्या जागेवर आहेत, शिवाय वही लिहिणाऱ्याच्या घरातलं माणूस बोलतं आहे. यापेक्षा चांगलं साधन कुठल्या विद्यार्थ्याला मिळणार?

बसतं का, असं विचारलंस. हा तर या शास्त्राच्या अगदी गाभ्याचा विषय. मालिनोव्स्की नावाचा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ मध्ये, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथले लोक होड्या घेऊन बेटाबेटांवर जायचे आणि शिंपल्यांचे दागिने द्यायचे. माळा एका दिशेनं फिरत, कडी उलट्या दिशेनं. कोणीही ती आपल्याकडे फार दिवस ठेवायची नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात मिळतं काय? पण प्रत्येकाची पत, मैत्री, परगावी मिळणारा आसरा हे सगळं त्या देण्याघेण्यावर उभं होतं. त्याचं पुस्तक १९२२ मध्ये आलं. मग १९२५ मध्ये पॅरिसमध्ये मार्सेल मॉस या अभ्यासकानं जगभरातली अशी वर्णनं एकत्र करून मांडलं की भेट वरवर खुशीची दिसते, पण देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं असतात. तुझ्या आजोबांनी समासात फुली मारली तेव्हा ते हेच तिसरं बंधन नोंदवत होते. तुझं काम एवढंच की ते तुझ्या गावात नेमकं कसं चालतं हे ओळीओळीनं दाखवायचं.

आता वाचायची कशी. सगळी वही एकदम वाचू नकोस. एक घर धर. त्या घरानं १९६४ मध्ये काय दिलं, पुढच्या वह्यांत काय दिलं, आणि तुमच्याकडून त्यांच्याकडे काय गेलं, हे एका कागदावर मांड. तुमचं गेलेलं तुमच्या वहीत नसणार, ते त्यांच्या वहीत असेल. म्हणून एखाद्या दुसऱ्या घराची वही मिळाली तर तुझ्या कामाचं वजन दुप्पट होईल. परत करताना रक्कम वाढते का, दोनचे पाच, पाचचे अकरा होतात का, किती वर्षांनी होतात, हे बघ. जिथे जेवढ्यास तेवढं परत गेलं आहे तिथे थांब आणि विचार. माझ्या अनुभवात बरोबरीनं परत करणं म्हणजे बहुधा हिशेब मिटवणं असतं, आणि हिशेब मिटवायची वेळ का आली याला गोष्ट असते. एखादं नाव तीन लग्नांत आहे आणि मग एकदम गायब झालं तर तिथेही विचार. आपल्याकडे निम्म्या वेळा ती गोष्ट शेताच्या धुऱ्यापाशी जाऊन पोचते, उरलेल्या वेळा वाटणीपाशी.

रुपयांची तुलना मात्र सरळ करू नकोस. १९६४ चे दोन रुपये आणि १९९० चे एकावन्न, यांत मोठे कोणते हे आकड्यावरून कळत नाही. म्हाताऱ्या बायांना विचार की त्या वर्षी निंदणाची रोजी काय होती. मग प्रत्येक आहेर म्हणजे किती दिवसांचं निंदण, असं मांड. गाव कापसाचं आहे म्हणून आणखी एक बघ. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, सुरू झाली, आणि कापसाचा पैसा हप्त्याहप्त्यानं, चुकारा येईल तसा हातात पडू लागला. लग्नाच्या तारखा आणि आहेराच्या रकमा या चुकाऱ्याकडे बघून सरकल्या का? उत्तर मला ठाऊक नाही. तुझ्या पेटीत ते असू शकतं, म्हणून सांगते.

नात्यांचं तर या वहीत सोनं आहे. रिव्हर्स नावाचा इंग्रज डॉक्टर १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेला आणि तिथे लोकांच्या वंशावळी उतरवून घ्यायची पद्धत त्यानं बसवली. वंशावळ हातात आली की कोण कोणाला काय म्हणतो, कोणी कोणाकडे मुलगी दिली, जमीन कोणाकडे गेली, सगळं तिच्यावर टांगता येतं. तू प्रत्येक नावापुढे नातं लिही, पण आजीच्या तोंडचं. 'दूरचे नातेवाईक' असं पुस्तकी लिहू नकोस. 'आईच्या मामेबहिणीचा दीर' असंच लिही.

इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या मधोमध कसा पडतो हे त्यांनी त्यात दाखवलं आहे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेत मामाची मुलगीही चालते आणि आत्याचीही. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची करत नाहीत. म्हणजे मुली एका घरातून दुसऱ्या घरात एकाच दिशेनं जात राहतात, उलट येत नाहीत. तुझ्या वह्यांत तीच तीच गावं पुन्हा पुन्हा येत असतील. कोणत्या गावांतून सुना आल्या आणि कोणत्या गावांत लेकी गेल्या, याच्या दोन याद्या कर. त्या वेगवेगळ्या निघतात की एकच, ते बघ. आणि मामाचा आहेर वेगळा काढ. लग्नात मामा मुलीच्या पाठीशी उभा असतो, तो काय घेऊन येतो यावर सगळ्या मांडवाचा डोळा असतो.

आता वहीत काय नाही, याविषयी. लेखणी धरून बसलेला माणूस पुरुष, तो मांडवाच्या दारात बसलेला. त्याच्यासमोरून गेलं तेवढंच लिहिलं गेलं. पंधरा दिवस आधीपासून शेवया वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, डाळ भरडणाऱ्या, पंगतीचं पाणी वाहणाऱ्या बाया कुठल्याच पानावर नाहीत. त्यांचाही फेड-परतफेडीचा पक्का हिशेब असतो आणि तो त्यांना तोंडपाठ असतो. तो तुला आजीच देईल.

राहिलं, तू इथलीच म्हणून लोक सांगत नाहीत, हे. मेळघाटात लोक कोरकू बोलत, मला ती येत नव्हती. ती मुंडा कुळातली भाषा, तिची सख्खी भावंडं पार झारखंडाकडे, मराठीशी तिचा काही संबंध नाही. मला काही कळत नाही हे लोकांना दिसत होतं, म्हणून ते लहान मुलाला सांगावं तसं प्रेमानं सांगत. सेलूजवळच्या माझ्या स्वतःच्या गावात मात्र माझ्या प्रश्नांना कोणी दाद दिली नाही. मार्ग निघाला तो असा, की 'का करता' हे विचारणं सोडलं आणि 'त्या अमक्याच्या लग्नात काय झालं होतं' असं विचारू लागले. आठवण सांगायला माणूस नाही म्हणत नाही. तू वही मांडीवर घे, एकेक नाव मोठ्यानं वाच आणि गप्प बस.

सरांशी भांडू नकोस. वीस-पंचवीस घरांची छोटी प्रश्नावली भर, तक्ता परिशिष्टात टाक.

पोडावरचा

ताई, मी झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरचा. पोड म्हणजे आमची कोलाम आदिवासींची वस्ती. फिल्डवाल्या मॅडमनी बरोबरच सांगितलं. पण दुसऱ्या बाजूनं, म्हणजे ज्यांच्यावर लिहिलं जातं त्यांच्या बाजूनं दोन शब्द बोलतो.

महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि आम्ही कोलाम, असे तिघे सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी जमाती म्हणून आहोत. त्यामुळे आमच्याकडे फॉर्म घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. काय खाता, दारू काढता का, पोरं किती, संडास आहे का. माझ्या आजोबाचे उभ्यानं, बसून, बाजूनं फोटो काढले होते. ते कुठे छापले, त्याखाली काय लिहिलं, आमच्या घरात आजवर कोणाला माहीत नाही. आजोबा गेले. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. कोणाच्या तरी कपाटात मात्र असेल.

म्हणून माझं सांगणं, लिहून झालं की ज्यांचं लिहिलं त्यांच्यासमोर वाचून दाखवा. आमच्या पोडाच्या मधोमध चावडी असते, नाईक, महाजन, म्हातारेकोतारे तिथे बसतात. कोणी तिथे येऊन वाचलं असतं तर आम्ही चुका सांगितल्या असत्या. कोणी वाचलं नाही.

आणखी एक. आमच्या पोडावर आहेर कोणी लिहीत नाही. पण कोणाच्या लग्नात कोणी किती तांदूळ घातले, कोणी लाकडं आणली, हे म्हाताऱ्यांना कोलामीत घडाघडा सांगता येतं. तुमचं काम झालं की मी आमच्याकडचं लिहायला घेणार आहे. माझी आई अजून सांगू शकते.

गावचा ग्रंथपाल

पोडावरच्या भावाचं वाचलं आणि राहवलं नाही.

आपल्या भागाचं मानवशास्त्र म्हटलं की सगळे आधी रसेल आणि हिरालाल यांच्या चार खंडांकडे बोट दाखवतात. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे ते खंड १९१६ मध्ये निघाले. रसेल इंग्रज अधिकारी, हिरालाल इथलेच सरकारी नोकर. पुस्तकात जातींची नावं अकारविल्हे लावलेली, प्रत्येकीवर एक लेख. उपयोगी आहेत, मीही चाळले आहेत. पण ते राज्य चालवणाऱ्याच्या नजरेनं लिहिलेले आहेत.

त्याच वर्षी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं, जात समजायची तर शिवाशीव आणि धंदे यांच्याही आधी जातीतल्या जातीत लग्न याकडे बघा, जात तिथे बंद होते. आपल्याकडे एका कुळात, एका गोत्रात लग्न न करण्याची रीत आधीपासून होती. तिच्यावर जातीबाहेर लग्न न करण्याची रीत लादली गेली, आणि ती टिकवायला विधवेचं जाळणं, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं आलं. ज्याला जात सोसावी लागली त्यानं जातीचं मानवशास्त्र लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. लग्नाच्या वह्यांवर काम करणाऱ्या मुलीनं तो निबंध सर्वांआधी वाचावा.

आता वहीचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि गावोगावच्या आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं, गावकीची कामं, सोडून दिली. तुमची पहिली वही त्यानंतर आठ वर्षांची. त्या लग्नात मांडवाबाहेर वाजवलं कोणी? आमच्या वस्तीतून कोणी आहेर आणला का? आणला असेल तर तो कोणत्या पानावर, कसा लिहिला आहे? एवढं बघा आणि इथे सांगा.

दारव्ह्याकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं. आजी तूर पाखडत होती, मी शेजारी बसून १९६४ च्या वहीतली नावं वाचत गेले. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण एकाही नावाला ती अडली नाही. 'पितळी गुंड १' आला तेव्हा सूप खाली ठेवून म्हणाली, "नाव नवऱ्याचं लागलं, गुंड तं तिच्या पैशाचा होता. कापूस येचून येचून जमवले होते तिनं." त्या बाईचं नाव वहीत नाही. मी दुसऱ्या वहीत ते लिहून घेतलं. पुढे आणखी चार-पाच वस्तूंचं तसंच निघालं.

ग्रंथपाल दादा, तुमच्या प्रश्नानं मी शेवटचं पान उघडलं. आधी ते कोरं समजून मी सोडलं होतं. तिथे वेगळी यादी आहे. वर मथळा नाही. नऊ नावं, नुसती पहिली नावं, ना श्री, ना आडनाव, ना वडिलांचं नाव. रकमा चार आणे, आठ आणे, एका नावापुढे एक रुपया. अक्षर आजोबांचंच आहे. त्या ओळींपुढे पेन्सिलीच्या फुल्या नाहीत, एकाही नाही. मी आजीला विचारलं, तिनं विषय बदलला. नंतर संध्याकाळी आपण होऊन म्हणाली की त्यांच्या लग्नात आपलं कोणी जात नव्हतं.

मग १९८३ ची वही काढली. त्या नऊपैकी एकाच्या मुलाचं नाव तिथे मधल्या पानावर आहे, पूर्ण नाव, पुढे 'गुरुजी', रु. ११. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. तिथे समासात फुली आहे. म्हणजे आजोबा त्यांच्याकडे गेले होते.

या दोन पानांवर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील असं मला वाटतं. पण पोडावरच्या दादांचं वाचल्यावर हे छापायचा मला हक्क आहे का, असा प्रश्न पडला आहे. नावं बदलू? ते पानच वगळू?

जुनी फिल्डवाली

वगळू नकोस. बाकी सगळ्या घरांची नावं बदल, गावाचंही बदल, ती रीतच आहे. या नऊ घरांचं मात्र एकटीनं ठरवू नकोस.

आणि आजच्या आज फोटो काढ. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास म्हैसूरकडच्या रामपुरा गावात अभ्यासासाठी राहून आले होते. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या खोलीला आग लावली गेली आणि टिपणांच्या तिन्ही प्रती एका जागी असल्यानं तिन्ही जळाल्या. पुढे त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं. तुझ्या प्रती एक मोबाइलमध्ये, एक मैत्रिणीकडे, एक कॉलेजात, अशा ठेव.

गावचा ग्रंथपाल

ताई, पान शोधलंत आणि लपवलं नाहीत, याचं मला समाधान वाटतं.

गुरुजींच्या घरी जा. ते असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर मुलाबाळांकडे. दोन्ही वह्या सोबत न्या, झेरॉक्स नको, वह्याच न्या. वाचून दाखवा. मग त्यांच्याबरोबर उरलेल्या आठ घरांकडे जा, कारण कोण कुठे राहायला गेलं हे त्यांना माहीत असेल. छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्याकडेही लग्नाच्या वह्या असतील. मागून बघा. तुमच्या आजोबांनी १९८३ नंतर तिकडे काय दिलं ते त्या वहीत सापडेल, आणि मॅडम म्हणतात ती दुसऱ्या घरची वही तुम्हाला तिथेच मिळेल.

त्यांची हरकत नसेल तर दोन्ही पानं प्रबंधात समोरासमोर छापा. १९६४ च्या पानावर आडनावं मात्र आपल्या हातानं घालू नका. जसं लिहिलं आहे तसंच राहू द्या.